वन्संची शिसवी जमीन

वन्सं, आज कितीतरी दिवसांनी धुकं सकाळीच विरलं आणि गंगेवरचं ऊन सरळ तुमच्या खोलीत आलं. काय चमकतेय हो तुमची जमीन! काल तुमचा तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, खाली मोरीत भांड्यांचा ढीग तसाच पडलाय, आणि मी मात्र वर येऊन तुमच्या जमिनीवर फतकल मारून बसलेय. नणंद गेल्यावर भावजयीने कसं वागावं हे मला शिकवायला आता तुम्ही नाही. तेव्हा मी आपली मनाला येईल तसं बोलणार आहे. नेहमीसारखंच.

आधी एक राग काढून टाकते. भेटायला आलेली प्रत्येक बाई म्हणायची, "सुटली हो बिचारी. किती सोसलं बिचारीने." बिचारी! तुम्ही! मला अस्सा संताप यायचा ना! ह्या बायकांनी तुम्हाला खाटेवर बसून मिस्त्रीला झापताना पाहिलं असतं तर ह्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नसता. आपलं गेलं वर्ष काय वर्ष होतं, वन्सं! रोज घरात भांडण, रोज हशा, केसांत भुसा, भातात भुसा. मला तर लग्न होऊन काशीत आल्यापासून इतकी मजा कधी आली नव्हती.

तुम्ही देवापुढे घसरून पडलात तिथपासून हे सगळं सुरू झालं. हाड सांधलं, डॉक्टर म्हणाले, चाला आता. पण चालणार कशावर? माडीवरची ती दगडी फरशी! थंडीत तिच्यावर पाय टेकवला की तुमच्या मस्तकात कळ जायची. खोलीत देव, म्हणून चपला घालायच्या नाहीत. मी लोकरीचे मोजे विणले, लोकर सोवळ्यात चालते हेही वर सुनावलं, तर म्हणालात, "मोजे घालून देवापुढे उभी राहू? मी काय ऑफिसला निघालेय?" आणि पाय पुन्हा रजाईत! शाळेत संस्कृत शिकवताना जी बाई कधी खुर्चीला टेकली नाही, ती खाटेवर चढून बसली ती बसलीच. एक हिवाळा गेला, उन्हाळ्यातही भीतीने उतरला नाहीत, दुसरा हिवाळा गेला. मला एकच धास्ती होती, वन्सं. खाट माणसाला गिळते. मी माहेरी, नागपुरात, माझ्या आईला तशी जाताना पाहिलंय. मला तुम्हाला त्या खाटेवरून खाली उतरवायचं होतं. बाकी जमीन, लाकूड, पॉलिश ही सगळी त्याच्यासाठीची खटपट.

त्यातच माडीच्या फरशीला तडे गेले आणि ह्यांनी जाहीर केलं की खोली नवी करायची. गल्लीत सगळ्यांकडे संगमरवर बसत होता, मग आपल्याकडे नको का? तुम्ही रजाईतूनच ओरडलात, "नाना, मला बर्फाच्या लादीवर ठेवायची एवढी घाई झालीय का तुला?" बिचारे हे (बिचारा शब्द इथे शोभतो बघा!) कान पाडून खाली गेले. आणि त्याच दुपारी ते घडलं. जेवणानंतरचा पाट मी खाटेपाशी विसरले होते. तुम्ही खाटेच्या कडेला बसून पेपर वाचत होतात आणि तुमचे पाय नकळत पाटावर टेकले होते. आखडलेले नाहीत, चोरून घेतलेले नाहीत, चांगले पसरलेले! मी दारात थबकले. काही बोलले असते तर तुम्ही उचलले असते. तशीच खाली धावले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, अख्ख्या खोलीचाच पाट करू या!"

ह्यांना वाटलं, मला ऊन लागलंय. लाकडी जमीन साहेब लोकांच्या बंगल्यात असते, देवघरात कशी चालेल, शुद्ध कशी करायची, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. तुम्ही वरून सगळं ऐकत होतात. संध्याकाळी ह्यांना बोलावलंत आणि वर्गात उभं करावं तसं उभं केलंत. "तुझी मुंज कशावर बसून झाली?" "पाटावर." "लग्नात अंतरपाटामागे कशावर उभा होतास?" "पाटावर." "आत्ता जेवलास कशावर बसून?" "पाटावरच." "मग तेव्हा लाकूड शुद्ध होतं आणि आता बाटलं का रे?" वन्सं, मला तुम्हाला कडकडून मिठी मारावीशी वाटली होती. पण तुमचं सोवळं होतं, म्हणून राहिली.

संकठा घाटापलीकडचा तो लल्लन मिस्त्री आला. दारं आणि बसायउठायची तख्तं बनवण्यात गेलेला जन्म त्याचा. म्हणाला, "फर्श? लकड़ी का? माताजी, इससे अच्छा नाव बनवा लीजिए, बाढ़ में काम आएगी." पण तुम्ही "बनाओगे कि नहीं?" असं विचारलंत, त्या सुरात नाही म्हणायची त्याची काय टाप होती! तीन लाकडांचे तुकडे घेऊन आला: साखू (म्हणजे आपला साल), साग आणि शिसव. तुमच्या भाचीने, आपल्या अंजूने, ओढणीने तुमचे डोळे बांधले. "बुआ, चीटिंग नको हं, झाँकना मत!" आणि तुम्ही, पासष्टी उलटलेली बाई, खाटेच्या कडेला बसून एकेका तुकड्यावर तळवा ठेवू लागलात. साखूवर ठेवलात आणि लगेच उचललात. "हे ओरखडतं." सागावर बराच वेळ राहिला. माझा जीव वरखाली, कारण मला साग हवा होता. काय तो रंग, मधासारखा! तुम्ही पाय मागेपुढे केलात आणि म्हणालात, "हे तुपकट आहे. घसरेन मी." मग शिसव. तळवा टेकवलात आणि तिथेच ठेवलात. दुसराही पाय उचलून त्याच तुकड्यावर ठेवलात. ओढणी न सोडता म्हणालात, "हे धरून ठेवतं ग."

मी भांडले. शिसवाच्या पांढऱ्या भागाला कीड लागते, खोली अंधारी होईल, साग साग असतो. तुम्ही म्हणालात, "रंग तू बघ. पाय माझे आहेत." आणि विषय बंद! मिस्त्रीने प्रत्येक फळीचा पांढरा भाग कापून टाकायचा, एवढं मी वदवून घेतलं. पण वन्सं, आज तुम्ही उलटं बोलायला नाही तर सांगूनच टाकते, साग लावला असता तर आत्ता हे ऊन आणखी दुप्पट दिसलं असतं. हो, दिसलं असतं!

फळ्या आल्या तो दिवस आठवतो? गल्लीच्या वळणावर लांब फळी वळेचना. शेवटी राजा घाटाकडून नावेत घालून ब्रह्मा घाटाला आणल्या आणि पायऱ्यांवरून खांद्यावर. घाटावर बसलेले लोक कशाला सोडतात! "का गुरु, घरे में नाव बनत हौ का?" त्यांना उत्तर देता देता ह्यांची पुरेवाट झाली. दारासमोर फळ्या रचल्या गेल्या तशी समोरची मिश्राइन चाची गॅलरीत आली. घरात एक म्हातारी आजारी, आणि दाराशी लाकडं येताहेत. काशीत ह्याचा एकच अर्थ. तिने पदर डोळ्यांना लावला आणि गळा काढला, "अरे राम, कब गुजर गइलीं?" तुमची खाट तेव्हा शेजारच्या खोलीत खिडकीला लावलेली. तुम्ही गजांना धरून अशा काही ओरडलात, "कोई नहीं गया! अभी हम बैठे हैं!" की खाली मिस्त्रीच्या हातून फळीच सुटली. मी जिन्यात बसून हसत राहिले. रडतही होते थोडी, तुम्हाला दिसलं नाही.

मग रंधा सुरू झाला. घरभर तो कडवट गोड वास, आणि शिसवाचे लालसर तपकिरी कुरळे छिलके. एका फळीला खाच, दुसरीला जीभ, ती खाचेत बसली की खट्ट असा आवाज यायचा. तुमचे कान तिकडेच. खट्ट झालं नाही, नुसतंच ठक झालं, की तुम्ही आतून, "मिस्त्री, वो ठीक नहीं बैठा!" तो वैतागून मला म्हणायचा, "माताजी देखती कान से हैं क्या?" आणि तरी फळी पुन्हा काढायचा.

पण खरी रणधुमाळी पॉलिशची. मिस्त्रीला लाखेचं पॉलिश येत होतं, तख्तांना करतात तसं. लाखेचा चपडा आणला, भिजत घातला, कापसाचा बोळा घेऊन घासायला लागला. कोपरा कसा आरशासारखा झाला! मी खूश, हेही खूश. इतक्यात शेजारच्या खोलीतून तुमचा आवाज, "सुधा, हा वास कसला ग?" मी म्हटलं, पॉलिशचा. "पॉलिशमध्ये काय आहे?" मिस्त्री भोळेपणाने म्हणाला, स्पिरिट. झालं! "स्पिरिट म्हणजे दारू!" तो काकुळतीला आला, "माताजी, ई पीने वाली थोड़े है!" "तो क्या हुआ? है तो दारू ही! भगवान के नीचे दारू पोतोगे?" मी मधे पडून सांगितलं की ती उडून जाते, मागे नुसती लाख राहते. तुम्ही म्हणालात, "प्यायलेल्या माणसाचीही उडूनच जाते. म्हणून त्याला देवघरात घेशील?" तो चकाकता कोपरा काचपेपरने खरवडून काढावा लागला. मिस्त्री दोन दिवस फिरकला नाही, इतका रुसला.

मग तुम्हीच तोडगा काढलात: जवसाचं तेल. इथले लोक तीसी म्हणतात ते. खायचं तेल, दिव्याला चालतं, मग जमिनीला का नाही? मिस्त्रीने नाक मुरडलं, पण कढवलेल्या तेलाचा पहिला हात दिला. तो वाळायला ठेवला आणि मी दळणाला गेले. तेवढ्यात ह्यांच्या मनात आलं की देव परत आणायचे तर जमीन धुतली पाहिजे. आंघोळ करून, मुकटा नेसून, घाटावरून कळशी भरभरून गंगा आणली आणि नव्या कोऱ्या लाकडी जमिनीवर ओतली, वन्सं! वर खराट्याने घासली! कोणा बंगलेवाल्या साहेबाला सुचेल का हे? आम्हा लोकांनाच सुचायचं. सणासुदीला दगड धुवायची सवय, हात थांबतो कुठे! त्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर मधली अख्खी रांग तळलेल्या पापडासारखी फुगून वर आलेली. हे दारात उभे, मुकट्यातच.

मला वाटलं, आता तुम्ही धाकट्या भावाला फाडून खाणार. खाटेवरून हाका मारत होतात, काय झालं, काय झालं. ह्यांनी मान खाली घालून सांगितलं. आणि तुम्ही हसत सुटलात! उचकी लागेपर्यंत. "नाना रे, गंगा प्यायली आणि लाकूड उठून बसलं! मी रोज पिते, मी अजून खाटेवर!" हेही हसायला लागले, आणि मग हसता हसता एकदम तुमच्या रजाईत डोकं खुपसून रडायला लागले. तुम्ही त्यांच्या डोक्यावर थापटत होतात. मी तिथून निघून गेले. ते तुम्हा भावंडांचं होतं.

फळ्या उखडल्या, वाळवल्या, भिंतीलगत फुगायला बोटभर जागा सोडून पुन्हा बसवल्या, पुन्हा रंधा. मिस्त्रीने दोन्ही वेळा आम्हाला शिव्या दिल्या आणि दोन्ही वेळा काम चोख केलं. पण ह्या खेपेला तेल मी लावलं. पदर खोचला, गुडघ्यांवर बसले, तुमच्या जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा तेलात बुडवून फळीफळीने चोळत गेले. आणि वन्सं, तेव्हा ते लाकूड जागं झालं! कोरडं असताना मातकट दिसणाऱ्या त्या फळीत तेल मुरलं आणि आतून काळ्या, तांबड्या, जांभळ्या रेघा वर आल्या. मी ओरडलेच, "वन्सं, अहो वन्सं, काय दिसतंय हे!" तुम्ही तिकडून, "काय दिसतंय? सांग ना ग!" मी सांगत गेले, ह्या फळीत असं, त्या फळीत तसं, ही बघा अगदी नदीसारखी. घसा बसला माझा. एक हात वाळला की दुसरा, मग तिसरा, अश्विनाचं ऊन होतं म्हणून वाळलं तरी. माझ्या हातांचा वास जेवतानाही जाईना. सागाचं दुःख मी तेव्हाच विसरले होते, पण तुम्हाला ते कशाला कळू देऊ?

कार्तिकात देव खोलीत परत आले आणि त्यांच्यासोबत तुमची खाटही आली. तुम्ही खाटेच्या कडेला बसलात. मी समोर उभी. तुम्ही एक पाय टेकवलात. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, कळ जाते का, भुवई आवळते का. नाही! दुसरा टेकवलात. आणि माझे दोन्ही हात धरून उभ्या राहिलात. अंजूने टाळ्या पिटल्या, ह्यांनी देवापुढची घंटाच बडवली. तुम्ही देवापर्यंत गेलात आणि परत आलात, आणि बसताना म्हणालात, "गरम आहे ग." दोनच शब्द.

त्यानंतर आपलं रोजचं भांडण. "हात सोड." "नाही सोडणार." "सुधा, हात सोड म्हणते ना!" "पडलात तर?" "पडले तर लाकडावर पडेन, दगडावर नाही." मी नाहीच सोडला. तुम्ही रागावायचात, एक दिवस तर माझ्याशी बोलला नाहीत. मला माहीत होतं, चालताय तुम्ही, पण खाटेवरून उतरवतेय मीच. तुम्हालाही तेच खुपत होतं. वन्सं, एक कधी बोलले नाही ते बोलते. मी नवी नवरी होऊन ह्या घरात आले तेव्हा मला इथलं काही कळत नव्हतं, ना हिंदी, ना गल्ल्या, ना तुमचं ते कडक सोवळं. सगळ्यात भीती तुमची होती. आणि पुढे सगळ्यात आधार तुमचाच झाला. माडीवरून "सुधा" अशी हाक आली नाही तर माझा दिवस सुरू व्हायचा नाही. म्हणून हात सोडवत नव्हता. आता चिडा पाहिजे तेवढं.

मग पौषातली ती सकाळ. रात्रभर तुम्हाला धाप होती, पहाटे जरा डोळा लागला. उजाडलं तशी मी चहा ठेवायला खाली गेले. वर आले तर खाट रिकामी. तुम्ही देवासमोर मांडी घालून बसला होतात, केस मोकळे, एक हात जमिनीवर सपाट टेकलेला. वळून पाहिलंत. काय तुमचा चेहरा होता, वन्सं! पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरीसारखा! "बघ," म्हणालात, "तू नव्हतीस." मी धावले, तुमच्यामागे बसले, तुम्ही माझ्यावर रेललात. चहा नको म्हणालात. ह्यांना हाक मारली, हे गंगा घेऊन आले, तुमच्या तोंडात घातली. तुम्ही गिळलीत. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. तुमचे तळवे मी हातात घेऊन पाहिले, ते कोमट होते.

दुपारी गुरुजी आले. शेवटच्या घटकेला माणसाला खाटेवरून भुईवर घ्यायचा नियम, म्हणून आल्या आल्या त्यांनी विचारलं, "खाटेवर गेल्या नाहीत ना? भुईवर घेतलं होतं ना वेळेवर?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुरुजी खाली बघत होते, शिसवाच्या फळ्यांकडे. माडी, त्यात लाकूड; ह्याला भुई म्हणायची की नाही हा प्रश्न त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता. ते पुन्हा म्हणाले, "वहिनी, भुईवर घेतलंत ना त्यांना?"

मी म्हटलं, "नाही घेतलं, गुरुजी. कुणी घ्यावं लागलं नाही. त्या आपल्या पायांनी उतरल्या."